विजेची जवारी

क्रॉयडनच्या पश्चिमेला लागून वॉलिंग्टन आहे. जेफ बेक या गिटारवादकाचा जन्म तिथला, २४ जून १९४४ चा. पोरवयात त्याने गिटार घरीच बनवायला घेतली: सिगारच्या खोक्यांचं धड, कुंपणाच्या खांबाची मान, मॉडेल विमानं आवरायच्या तारा. पडदे तर नुसते रंगवलेले! खऱ्या गिटारीत तार पडद्याच्या धातूवर टेकते आणि तिथून तिची लांबी ठरते. बोट जरा मागे सरकलं तरी सूर हलत नाही. रंगाच्या रेघेवर मात्र तार बोटाशीच संपते. म्हणजे सरोदासारखा सूर कानानेच शोधायचा. पुढे बेक पडद्यांच्या मधल्या सुरांसाठीच नावाजला गेला, पण त्याचं श्रेय त्या खांबाला देण्याचा मोह आवरलेला बरा.

मार्च १९६५ मध्ये गिटारवादक एरिक क्लॅप्टनने 'यार्डबर्ड्स' हा रॉक बँड सोडला आणि दुसरा गिटारवादक जिमी पेज याच्या शिफारशीवरून बेक क्लॅप्टनच्या जागी आला. थोड्याच दिवसांत 'हार्ट फुल ऑफ सोल' या गाण्याचं ध्वनिमुद्रण होतं. मुख्य सुरावटीसाठी सतारवादक बोलावला होता, पण रॉकच्या ठेक्यात ती सुरावट जोरकस बसेना. शेवटी ती बेकने गिटारवर वाजवली, फझ बॉक्समधून. गाणं जूनमध्ये बाजारात आलं. बीटल्सच्या गाण्यात सतार ऐकू यायला अजून सहा महिने होते.

फझ बॉक्सचं काम तसं अडाणीच. ट्रान्झिस्टर गिटारचा क्षीण विद्युतसंकेत इतका फुगवतो की तो त्याच्या मर्यादेवर आदळतो आणि लाटेचे माथे सपाट छाटले जातात. छाटलेल्या लाटेत मूळ कंपनसंख्येच्या तिप्पट, पाचपट, सातपट असे वरचे स्वर घुसतात, म्हणून आवाज खरखरीत होतो. शिवाय तारेचं कंपन मंदावलं तरी छाटलेली उंची काही काळ तेवढीच राहते, त्यामुळे सूर लांबतो.

सतारीत हेच काम घोडी करते. घोडीचा माथा रुंद आणि किंचित उतरता असतो. थरथरणारी तार त्याला दर फेरीत चाटून जाते, टेकण्याची जागा सतत सरकते आणि कंपनाची ऊर्जा वरच्या स्वरांकडे वळत राहते. तीच जवारी. तंबोऱ्यात शिवाय तारेखाली सुताचा दोरा सरकवून ती नेमकी जागेवर आणतात. मिरजेचे कारागीर ही घोडी कानसेने घासतात, तार छेडतात, ऐकतात, पुन्हा घासतात, मोजपट्टी कानच.

भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांना या जवारीत एक कोडं दिसलं होतं. तार ज्या बिंदूवर छेडावी, तिथे निस्पंद (न हलणारा बिंदू) असणारे वरचे स्वर उमटू नयेत, असा थॉमस यंगचा नियम आहे. वीणा आणि तंबोऱ्यात ते खणखणीत ऐकू येतात! १९२१ च्या निबंधात रामन यांनी त्याचं कारण घोडीच्या वक्र माथ्यात दाखवलं.

मग फझ म्हणजे जवारीच का? कानाला क्षणभर तसं वाटतं, पण घडण वेगळी. जवारीत वरचे स्वर सूर विरेपर्यंत जागा बदलत राहतात, ती झळाळी सरकत खाली येते. फझचा रंग बराच वेळ एकसारखा राहतो. शिवाय जवारी प्रत्येक तारेची स्वतंत्र असते. फझ बॉक्समध्ये मात्र सगळ्या तारांचे संकेत एकत्र छाटले जातात आणि त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नको ते स्वर तयार होतात. बेकची सुरावट एका वेळी एकाच सुराची होती, म्हणून निभावलं. तंबोऱ्याच्या चारही तारा जवारीसह एकत्र गुंजतात आणि तरी वेगळ्या ऐकू येतात; त्याच चार तारा साध्या घोडीवर चढवून फझमधून काढल्या, तर त्यांचं हे वेगळेपण हरवेल.