हलणारे दात आणि सरकारी दवाखाना



ऊस विकास विभागाने दातांवर का लिहावे, असे कुणीही विचारील. पण नोंदीसाठी शिवारात हिंडताना पन्नाशीच्या आतच तोंडाचे बोळके झालेले सभासद बरेच भेटतात. "हलत होते, बाजाराच्या दिवशी काढून टाकले," म्हणतात. दात पुष्कळदा धडधाकट असतो. गेलेली असते ती हिरडी.

हुमणी लागलेला ऊस आठवा. पाला पिवळा पडेपर्यंत खाली मुळ्या कुरतडल्यात याचा पत्ता लागत नाही. हिरड्यांचे तसेच आहे. दाताच्या बुडाशी किटण धरते, हिरडी सुजते, दात घासताना रक्त येते, तोंडाला वास येतो. दुखत मात्र फारसे नाही, म्हणून आपण गप्प बसतो. पुढे आतले हाड झिजते आणि दात हलू लागतो. झिजलेले हाड सहसा भरून येत नाही, तेव्हा रक्त दिसले की लगेच जायचे.

जायचे कुठे? सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत झाले आहेत. केसपेपरलाही पैसे नाहीत. ग्रामीण रुग्णालयात दातांचे डॉक्टर आहेत का, कोणत्या वारी बसतात, हे आधी विचारा. नाहीतर फुकटचा हेलपाटा होतो. सोय नसेल तर चिठ्ठी घेऊन उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठावे. हिरडी उघडून साफ करायची वेळ आली तर मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. ती वैद्यकीय शिक्षण खात्याकडे येतात, तेथे थोडी फी पडते. पण खाजगीच्या मानाने फारच कमी. काम एका खेपेत होत नाही, दोन-चार खेपा धरून चला.

मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. रक्तातली साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात राहत नाही. (साखर कारखान्यातच बरी.) रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, आपल्या मनाने बंद करू नका.

"साफ केले की दात हलतात," असे पारावर बोलतात. दात आधीच सुटलेला असतो. किटणाने धरून ठेवलेला, ते निघाल्यावर मोकळा भासतो एवढेच. मिश्रीचेही सांगतो. ती भाजलेली तंबाखूच. ठणकते म्हणून लावली की घटकाभर बरे वाटते, रोग मात्र आत वाढतच जातो.

हंगाम लागला की तोडीमागे कुणाला सवड नसते. टोळी येण्याआधी पहिली खेप उरकून घ्यावी.

— ऊस विकास अधिकारी