‘डोंबिवली फास्ट’मधील पाठलाग : अभिनय, दिग्दर्शन व संगीत

प्रास्ताविक : गुन्हेपटातील पाठलाग हा सामान्यतः वाहनाचा पराक्रम समजला जातो. पीटर येट्स यांच्या ‘बुलिट’ (१९६८) मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउताराच्या रस्त्यांवरील मोटारींचा पाठलाग सुमारे दहा मिनिटे चालतो. मोटारी वेग घेताच लालो शिफ्रिन यांचे संगीत थांबते व केवळ इंजिन आणि टायर ऐकू येतात. ‘द फ्रेंच कनेक्शन’ (१९७१) मध्ये विल्यम फ्रीडकिन यांनी उन्नत मार्गावरील आगगाडीच्या मागे खालच्या रस्त्यावरून मोटार धावविली. मोटारीशिवाय असा ताण साधता येईल काय, या दृष्टीने निशिकांत कामत दिग्दर्शित ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) पाहण्याजोगा आहे.

विवेचन : माधव आपटे हा डोंबिवलीहून लोकलने ये-जा करणारा बँक कर्मचारी. शीतपेयाच्या बाटलीवर छापील किमतीहून अधिक पैसे मागितले जातात आणि त्याचा संयम सुटतो. पुढे हातात बॅट घेऊन फिरणाऱ्या या माणसामागे पोलीस लागतात. जोएल शूमाकर यांच्या ‘फॉलिंग डाऊन’ (१९९३) शी असलेले साम्य उघड आहे. परंतु आपटेचा राग मध्यमवर्गीय मराठी सचोटीतून आलेला असल्याने तो आपल्या ओळखीचा वाटतो.

संदीप कुलकर्णी हा राग ओरडून दाखवीत नाहीत. आपटे गुन्हा करतानाही हिशेब तपासणाऱ्या कारकुनासारखाच वागतो, हे या अभिनयाचे मर्म होय. तितकेच महत्त्व इन्स्पेक्टर अनासपुरेच्या भूमिकेतील संदेश जाधव यांना द्यावयास हवे. पाठलाग करणाऱ्यालाच फरारी माणसाचे म्हणणे हळूहळू पटू लागते. परिणामी दोघांमधील अंतर रस्त्यावर नव्हे, मनात कमी होत जाते. मोटारपटात हे सहसा घडत नाही.

प्रारंभी आपटेचा दिनक्रम पुन्हापुन्हा दाखवून कामत यांनी वेगाची जाणीव निर्माण केली आहे. छायालेखन संजय जाधव यांचे, तर संगीत समीर फातर्पेकर यांचे आहे. मात्र चित्रपटाचा खरा ताल लोकलच्या खडखडाटात आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ‘बुलिट’मधील इंजिनाचे काम येथे रूळ करतात. उत्तरार्धात अन्यायाचे प्रसंग यादीसारखे एकामागून एक येतात, हा दोष मान्य करावा लागेल. तरीही चित्रपटास सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला आणि २००७ मध्ये कामत यांनीच तो आर. माधवन यांना घेऊन तमिळमध्ये केला. २०२० मध्ये कामत यांचे निधन झाले.

पेठ तालुक्यात रेल्वे नाही. आमच्या विद्यार्थ्यांना लोकलची गर्दी समजावून सांगावी लागेल, अशी शंका होती. परंतु नाशिकहून एस. टी.त उभ्याने घाट चढून येणाऱ्या मुलांना खिडकीजवळच्या जागेची आपटेची आस विनासायास समजली. त्यांचा प्रश्न निराळाच होता : इन्स्पेक्टरला जर सारे पटले, तर तो पाठलाग थांबवीत का नाही?