जीप सुरू झाली... पण थांबणार का?

धडधडधड... फट्... धडधडधड!

तब्बल अकरा वर्षांनी काकाजींच्या जीपने आवाज दिला आणि अख्खी गल्ली आमच्या फाटकाशी गोळा झाली. मी ड्रायव्हिंग सीटवर, चेहऱ्यावर वर्ल्ड कप जिंकल्याचे भाव! धाकटा भाऊ तर मागच्या फाळक्यावर चढूनही बसला. "चल बे, मानेवाडा चौकापर्यंत एक चक्कर!" मी क्लच दाबला, गिअर टाकण्याआधी सहज ब्रेकवर पाय ठेवला... आणि पेडल थेट पत्र्याला टेकलं. पायाखाली काही नव्हतंच जणू.

काकाजींनी शांतपणे हात आत घालून चावी काढली आणि खिशात टाकली. "इंजिन चालू झालं म्हणजे गाडी तयार झाली असं नसते बाप्पा. आधी थांबायचं पाहा, मग धावायचं."

मित्रांनो, पुढचे सहा रविवार मी जीपखाली घालवले. चार वर्षं मेकॅनिकल शिकून जे डोक्यात नीट बसलं नव्हतं, ते या सहा रविवारांत बसलं. तेच इथे सांगतो आहे.

गाडीची ओळख

जीप सीजे ३बी जातीची, काटोलजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत राबलेली. महिंद्रांनी विलीज जीप भारतात जोडायला सुरुवात केली, त्याच घराण्यातली ही. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये बंद झालं, आपल्याकडे मात्र ते पुढे कितीतरी वर्षं बनत राहिलं. काकाजींचे गुडघे दुखायला लागले तशी ती गोठ्याशेजारी उभी राहिली, ती राहिलीच. आजीने हट्ट धरला, "मरायच्या आधी एकदा याच गाडीत बसून रामटेकला जायचं हाय मले." म्हणून ती टेम्पोवर टाकून नागपूरला आणली.

आता रामटेकचा गड म्हणजे चढ आणि उतार. चढ इंजिनाचं काम, उतार ब्रेकचं. आणि गाडीत आजी बसणार! त्यामुळे 'चालतंय की' म्हणून सोडून द्यायची सोयच नव्हती.

एकच नळी, एकच नशीब

फर्स्ट इयरला पास्कलचा नियम पाठ केलेला आठवतो? बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. ब्रेक म्हणजे तोच नियम. समजा, पायाने ३० किलोचा जोर दिला. पेडलची तरफ तो सहापट करते असं धरू, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर १८० किलो. पिस्टनचा व्यास १ इंच धरला तर क्षेत्रफळ साधारण ५ चौरस सेंटिमीटर. म्हणजे नळ्यांतला दाब झाला दर चौरस सेंटिमीटरला ३६ किलो, टायरमधल्या हवेच्या जवळजवळ अठरापट! हा दाब चारही चाकांच्या व्हील सिलिंडरमध्ये पोचतो, तिथले छोटे पिस्टन ब्रेक शू बाहेर ढकलतात आणि शूवरचं लायनिंग फिरत्या ड्रमला आतून घासतं. झाला ब्रेक.

गोम अशी, की जुन्या जीपमध्ये हे सगळं एकाच सर्किटवर चालतं. एक वायसर गळला, एक होज फुटला, की चारही ब्रेक एकदम गेले. आजच्या मोटारीत दोन स्वतंत्र सर्किट असतात. एक गेलं तरी दुसरं गाडी थांबवतं. २००७ पासून सुरू झालेल्या बाजा स्पर्धेच्या गाड्यांनाही दोन स्वतंत्र सर्किटची अट असते आणि चारही चाकं एकदम लॉक करून दाखवल्याशिवाय मैदानात सोडत नाहीत. आपल्या टीममधल्या मुलांना विचारा, ब्रेक टेस्टच्या आदल्या रात्री कोणाला झोप लागते का!

म्हणजे जुन्या जीपचं काम करताना 'एवढं चालेल' ही भाषा बंद. प्रत्येक जोड हा शेवटचाच जोड आहे असं समजायचं.

हँडब्रेकने शिकवलेला धडा

पहिल्याच रविवारी मी मोठी चूक केली. हँडब्रेक ओढला, मागचं डावं चाक जॅकवर घेतलं आणि नट सैल करू लागलो. अंगणाला फाटकाकडे थोडा उतार. कच्चकन आवाज झाला, जॅक कलंडला, जीप वीतभर सरकली आणि खाली बसली. नशीब, काकाजींनी न बोलता चेसिसखाली स्टेपनी सरकवून ठेवली होती. गाडी तिच्यावर टेकली. क्षणभर आधी माझा हात तिथेच होता.

हँडब्रेक ओढलेला असताना गाडी सरकली कशी? या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, तो ट्रान्स्फर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर असतो. तो शाफ्ट धरून ठेवतो, चाक नाही. मध्ये डिफरन्शियल आहे. शाफ्ट स्थिर असला तरी एक चाक पुढे आणि दुसरं तेवढंच मागे फिरू शकतं. दोन्ही चाकं जमिनीवर असताना तसं होत नाही. पण एक चाक हवेत उचललं की ते मोकळं उलटं फिरतं आणि जमिनीवरचं सुलटं. म्हणजे हँडब्रेक असून नसल्यासारखा! गिअरमध्ये टाकूनही उपयोग नाही, कारण तोही शाफ्टच धरतो.

त्या दिवसापासून नियम केला: जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, फोर व्हील ड्राइव्ह टाकलेला (म्हणजे पुढची चाकंही धरली जातात), चेसिसखाली भक्कम स्टँड, आणि चाक काढलं की तेही गाडीखाली आडवं टाकायचं. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नाही.

ड्रमच्या आत काय सापडलं

अकरा वर्षांच्या गंजाने ड्रम निघता निघेना. शू आत घेणारा अ‍ॅडजस्टर सैल केला, कडेने लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके दिले, तेव्हा तो सुटला. आत काळी पूड होती. ती फुंकून किंवा काँप्रेसरच्या हवेने उडवू नका! जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक. तोंडावर मास्क, साबणाचं पाणी शिंपडून ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकं पिशवीत बांधून टाकून द्यायचं.

मग एकेक दुखणं दिसू लागलं. चारांपैकी दोन व्हील सिलिंडर गंजून जाम. मागच्या उजव्या बाजूला अ‍ॅक्सलचं ऑइल सील गळून लायनिंग तेलात भिजलेलं. भिजलेलं लायनिंग कितीही पुसा, गरम झालं की आतलं तेल वर येतं, म्हणून ते बदलायचंच. आणि एका बाजूचं बदललं तर दुसऱ्या बाजूचंही, नाहीतर ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढते. ड्रमलाही हाच न्याय. आत पायरी पडली असेल तर लेथवर टर्न करून घ्या, पण एका अ‍ॅक्सलचे दोन्ही ड्रम एकाच मापाला. आणि ठरलेल्या कमाल मापाच्या पुढे गेलेला ड्रम सरळ भंगारात. पातळ ड्रम लवकर तापतो, तापला की फुगतो आणि शू त्याच्यापर्यंत पोचायला पेडल आणखी खाली जातं. नेमकं गडाच्या उतारावर!

सुटं करण्याआधी प्रत्येक बाजूचा फोटो काढा. पुढच्या आणि मागच्या शूचं लायनिंग सारखं नसतं, स्प्रिंगच्या जागा ठरलेल्या असतात, आणि जोडताना 'हे इथंच होतं ना?' हा प्रश्न हमखास पडतो. मी एका वेळी एकच बाजू उघडली, म्हणजे दुसरी बघायला शिल्लक.

ब्रेक ऑइल हे ऑइल नाही

बाजारात सगळे 'ब्रेक ऑइल' म्हणतात, पण ते ग्लायकॉल जातीचं रसायन आहे आणि हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ३ दर्जाचं ताजं फ्लुइड २०५ अंशांपर्यंत उकळायला नको, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १४० अंशांवर येते. उतारावर सतत ब्रेक मारला की चाकाजवळचं फ्लुइड उकळतं, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पाय खाली जातो, दाब पुढे पोचत नाही. शिवाय हेच पाणी सिलिंडर आतून गंजवतं. आपल्या नागपूरचा उन्हाळा आठवतो, पण ब्रेकचा खरा वैरी पावसाळा!

दोन गोष्टी कोरून ठेवा. एक, यात चुकूनही इंजिन ऑइल टाकू नका आणि रबरी वायसर पेट्रोल-डिझेलने धुऊ नका. रबर फुगतं आणि सगळं किट वाया जातं. ताज्या ब्रेक फ्लुइडनेच धुवा. दोन, ते रंगावर सांडू देऊ नका. आमच्या मडगार्डवर हाताएवढा टवका उडालाय, माझी आठवण म्हणून तो तसाच ठेवला आहे.

मास्टर सिलिंडर पायाखाली, पत्र्याच्या झाकणाखाली असतो. दिसत नाही म्हणून कोणी पाहत नाही, हेच त्याचं दुखणं. आम्ही तो आणि चारही व्हील सिलिंडर नवे टाकले, कारण आत खड्डे पडलेल्या सिलिंडरमध्ये नवं रबर किट महिनाभरही टिकत नाही. तिन्ही रबरी होज बदलले. जुना होज बाहेरून धड दिसला तरी आतून सुजतो. दाब आत जाऊ देतो पण परत येऊ देत नाही, मग चाक धरून राहतं. गंजलेल्या बंडी पाइपांना ठिगळ न लावता अख्खे पाइप बदलले.

मग हवा काढणं. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. उजव्या स्टिअरिंगच्या आमच्या जीपमध्ये मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. भाऊ पेडलवर, मी निप्पलशी. "दाब... धर!" मी निप्पल उघडतो, बुडबुडे नळीतून बाटलीत जातात, निप्पल बंद, "सोड!" बंद करायच्या आधी पाय सुटला तर हवा परत आत, म्हणजे पहिल्यापासून! भावाशी दोनदा भांडण झालं, पण तिसऱ्या फेरीत पेडल दगडासारखं घट्ट झालं. तो आनंद इंजिन सुरू झालं त्यापेक्षा मोठा होता, खरंच सांगतो.

नक्षी शाबूत, रबर मेलेलं

टायरबद्दल मात्र मी निश्चिंत होतो. नक्षी खोल, १.६ मिलिमीटरच्या किमान मर्यादेच्या कितीतरी वर. काकाजींनी टायरच्या कुशीला अंगठा लावून दाबला. बारीक बारीक भेगा उघडल्या. ऊन आणि ओझोन रबर खातात, उभ्या गाडीचंसुद्धा. टायरच्या बाजूला लंबगोलात आकडे असतात: २००० सालापासून चार, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे '२३१९' असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. आमच्या स्टेपनीवर तीनच आकडे निघाले, म्हणजे ती गेल्या शतकातली!

पाचही टायर-ट्यूब बदलले. माप जुनंच, ६.००-१६. म्हणजे रुंदी ६ इंच, रिम १६ इंच. मधली रेघ म्हणजे आडव्या-तिरप्या थरांचा बायस टायर, तिथे 'आर' असता तर रेडियल. एका अ‍ॅक्सलवर दोन्ही मिसळू नका, दोघांची रस्ता धरायची तऱ्हा वेगळी. भावाला सिनेमातल्यासारखे दांडगे टायर हवे होते. त्याला कागदावर गणित मांडून दाखवलं: ड्रमवरचा टॉर्क तोच, पण टायरचा व्यास २९ इंचांवरून ३२ केला तर रस्त्यावरचं ब्रेकचं बल सुमारे ९ टक्क्यांनी घटतं. "म्हणजे एवढं सगळं करून ब्रेक पुन्हा कमी?" तो गप्प झाला. टायर रिमवर चढवणं मात्र दुकानातच करून घ्या, घरच्या टॉमीने ट्यूब चिमटते.

शेवटची परीक्षा

इंजिन बंद ठेवून पेडल मिनिटभर जोरात दाबून धरलं. हळूहळू खाली गेलं असतं तर गळती. नाही गेलं. सगळे जोड कोरड्या कागदाने पुसून पाहिले. मग मोकळ्या मैदानात दहाच्या वेगाने, मग वीसच्या, मग तीसच्या. गाडी डावीकडे ओढत होती, अ‍ॅडजस्टर पुन्हा लावला. ओळखीच्या मिस्त्रींना बोलावून सगळं तपासून घेतलं. आपलं काम दुसऱ्याला दाखवण्यात कमीपणा नाही. शिवाय पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन पाच-पाच वर्षांसाठी नवं करताना आरटीओत तपासणी असतेच.

आणि मग रामटेक. आजी पुढच्या सीटवर, पदर घट्ट धरून. दर्शन झालं, उतरताना मी दुसरा गिअर टाकला, इंजिनाला गाडी धरू दिली आणि ब्रेक जपून वापरला. खाली आल्यावर चारही ड्रमजवळ हात नेऊन पाहिलं. सगळीकडे सारखीच ऊब. एखादं चाक जास्त तापलं असतं तर ते धरून राहतंय, थंड राहिलं असतं तर ते कामच करत नाहीये.

आजीला यातलं काही कळलं नाही. ती एवढंच म्हणाली, "लय हळू चालवते पोरगा."

काकाजी मागे बसले होते. त्यांनी चावी परत मागितली नाही.