चकाकी लावता येत नाही

चकाकी ही बाहेरून आणून वस्तूवर चढवायची असते, असा माझा पन्नाशी उलटेपर्यंत दृढ समज होता. हा समज मोडला तो वर्गात नव्हे, की ग्रंथालयातही नव्हे. देवासच्या एका अंगणात, कडुनिंबाच्या झाडाखाली, हातात पॉलिशचे यंत्र धरून उभा असताना.

आमची दोन घरे. माझे धारला, थोरल्या बंधूंचे देवासला. दोन्ही गावे पवारांची. त्यातही देवासच्या राज्याच्या थोरली आणि धाकटी अशा दोन पाती. त्यामुळे दादा मला थट्टेने 'धाकटी पाती' म्हणत. तीन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांची गर्द निळी मोटार अंगणात तशीच उभी राहिली. गेल्या वर्षी दसऱ्याला आठ दिवस उरले असता वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, गाडी विकायची नाही. मी चालवायला शिकते आहे. पण पूजेला ती अशी निस्तेज उभी करायला मन घेत नाही."

गाडी धुतली, तरी तेज येईना. उन्हाची तिरीप पडली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या असंख्य वर्तुळाकार रेघा दिसत. दादांची गाडी परक्या हाती सोपवावी असेही वाटेना. अखेर एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो. पीथमपूरच्या एका कारखान्यात, रंगविभागात काही वर्षे काढून त्याने देवासला स्वतःचे दुकान थाटले आहे. शाळेत असताना त्याच्या प्रगतिपुस्तकावर 'हात चालतो, लक्ष नाही' असा शेरा मीच मारला होता. तो हसून म्हणाला, "शिकवतो सर, पण आधी भंगारातल्या बॉनेटवर."

त्याचा पहिला पाठ रंगाच्या रचनेचा. पत्र्यावर प्रथम गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. हा वरचा थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. आपल्याला दिसणाऱ्या रेघा बहुधा याच थरात असतात. रेघांच्या कडांवर प्रकाश विखुरतो, म्हणून रंग मळकट भासतो. पॉलिशमधील सूक्ष्म कण तो थर किंचित घासून सपाट करतात. मग प्रकाश पुन्हा एका दिशेने परततो. त्यालाच आपण चकाकी म्हणतो. म्हणजे चकाकी लावली जात नाही; आड येणारे काढले की ती उरते. मात्र प्रत्येक घासणीत त्या थराचा एखाद-दुसरा मायक्रॉन कायमचा जातो, आणि ही ठेव पुन्हा भरता येत नाही.

आपल्याकडच्या गॅरेजांत आजही 'ड्यूको' हा शब्द ऐकू येतो. १९२३ च्या सुमारास अमेरिकेत त्या नावाचा झटपट वाळणारा रंग मोटारींसाठी आला. तोवर एका गाडीच्या रंगकामास आठवडेच्या आठवडे लागत. जुन्या गाड्यांवर वेगळा पारदर्शक थर नसे. त्यामुळे जुनी गाडी घासताना फडक्यास तिचा रंग लागणे ही नित्याची गोष्ट होती. आजच्या गाडीचा रंग पॅडला लागला, तर तो मात्र अनर्थ समजावा.

यंत्रांचेही दोन प्रकार. एकात चकती स्थिर मध्याभोवती गरगर फिरते. तिची धार तीव्र, उष्णताही फार. दुसऱ्यात चकती फिरता फिरता डोलतेही. ते यंत्र नवशिक्यास क्षमा करते. मला दुसरे मिळाले. गाडी सावलीत आणि पत्रा थंड हवा. प्रथम धुणे, मग मातीसारख्या मऊ गोळ्याने चिकटलेले कण उचलणे, रबराच्या पट्ट्यांवर मास्किंग टेप लावणे. पॅडवर पॉलिशचे चार थेंब. पॅड पत्र्यावर टेकल्यावरच यंत्र सुरू करायचे. दोन फूट लांबी-रुंदीचा तुकडा घ्यायचा, आधी आडवे, मग उभे फिरवायचे, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. मी सवयीने जोर देई, तेव्हा तो म्हणे, "सर, मशीन को बोझ मत दो, वक़्त दो." अध्यापनाच्या तीस वर्षांत विद्यार्थ्यांविषयी इतके नेमके वाक्य मला सुचले नव्हते.

चार दिवसांत दारे आणि छत उजळले. पाचव्या दिवशी तो बाहेरगावी गेला होता आणि माझा धीर सुटला. गोल फिरणारे यंत्र उचलून मी बॉनेटच्या उंच कडेवर धरले. कडेवर थर पातळ असतो आणि सारा दाब एका रेषेवर येतो, हे त्याने सांगितले होते. क्षणभरच यंत्र थबकले. पांढरा पॅड निळा झाला आणि बोटभर जागेत फिकट प्रायमर उघडा पडला. दोष सर्वस्वी माझाच.

दुसऱ्या दिवशी त्याने ती जागा पाहिली, पण शेरा मारला नाही. "सर, एवढी पट्टी मी रंगवून देतो," इतकेच म्हणाला. मग त्याने विचारले, "दादा गाडी कशाने पुसायचे?"

वहिनींनी डिकीतून दादांच्या जुन्या धोतराचे फडके आणून दाखवले. दर रविवारी सकाळी दादा त्याच कोरड्या फडक्याने गाडी पुसत. धूळ माळव्याची, हात मायेचा. त्या धुळीचे कण फडक्याखाली फिरत राहिले आणि रेघा उमटवीत गेले. ज्या रेघा मी आठवडाभर घालवीत होतो, त्या दादांच्या हाताच्या होत्या.

मी यंत्र खाली ठेवले. थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना गाडी चकचकीतच आवडायची. पुरे करा काम." चालकाच्या दाराच्या मुठीखाली एक खोल ओरखडा होता. तो काढायचा तर थर धोक्यात येईल, असे विद्यार्थ्याने सांगितले. "राहू दे," वहिनी म्हणाल्या.

दसऱ्याला गाडीस झेंडूची माळ घातली, तेव्हा बॉनेटमध्ये कडुनिंबाची फांदी स्पष्ट दिसत होती. आता त्या घरी गाडी कोरडी पुसत नाहीत. दोन बादल्या असतात, एक साबणाच्या पाण्याची, दुसरी फडके खळबळण्याची. आणि फडके मऊ मायक्रोफायबरचे. धोतराचे ते जुने फडके वहिनींनी धुऊन, घडी घालून कपाटात ठेवले आहे.