प्लांट बंद झाला म्हणजे हक्कही बुडाले?

नागपूरच्या प्रताप नगर, त्रिमूर्ती नगर, जयताळा या पट्ट्यातून कितीतरी जण हिंगणा एमआयडीसीत कामाला जातात. कुठला औषध कारखाना बंद पडल्याची बातमी आली, की इथेही हेच ऐकू येतं : "कंपनी बुडाली, आता मागायचं कोणाकडे?"

बंद होणारी प्रत्येक कंपनी बुडालेली नसते. जानेवारी 2019 मध्ये फायझरने औरंगाबादजवळच्या वाळूजचा आणि तमिळनाडूतला एक प्लांट बंद करत असल्याचं जाहीर केलं. दोन्हीकडे मिळून सुमारे 1,700 नोकऱ्या होत्या. उत्पादनांची मागणी दीर्घकाळासाठी घटली, हे कारण दिलं गेलं; फायझरचा धंदा मात्र चालूच राहिला. शेअर बाजारातली फायझर लिमिटेड वेगळी आणि हे प्लांट चालवणारी खासगी उपकंपनी वेगळी. म्हणून नियुक्तीपत्रावर आणि पगारपत्रकावर नाव कोणाचं आहे, ते आधी बघावं. दावा त्याच नावावर लागतो.

"मालक बदलला, जुनी वर्षं गेली," हाही असाच गैरसमज. वाळूजचा प्लांट मूळचा ऑर्किड या औषध कंपनीचा, मग हॉस्पिरा कंपनीचा. 2015 मध्ये हॉस्पिराच फायझरने घेतली. अशा बदलांत खंड न पडता नोकरी चालू राहिली, तर सेवा पहिल्या दिवसापासून मोजायची असते.

मनात आलं की टाळं, असंही चालत नाही. 2019 मध्ये शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला 90 दिवस आधी सरकारकडे परवानगी मागावी लागे. नोव्हेंबर 2025 पासून नव्या औद्योगिक संबंध संहितेने ही मर्यादा तीनशेवर नेली. लहान कारखान्यांतल्या कामगारांचं मोठं संरक्षण त्यामुळे गेलं, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

पुष्कळदा पैसा बुडतो तो ग्रॅच्युइटी आणि बंदची भरपाई एकच समजल्याने. दोन्ही वेगळ्या आहेत. समजा, मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 18,200 रुपये, सेवा 12 वर्षं : 18,200 भागिले 26, गुणिले 15, म्हणजे वर्षाला 10,500, ग्रॅच्युइटी 1,26,000 रुपये. बंदची भरपाई, दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार, याशिवाय वेगळी. सही करण्याआधी हिशेबाच्या कागदावर दोन्ही ओळी वेगळ्या मागा.

ठेकेदाराकडच्या कामगारांनीही गप्प बसू नये. ठेकेदाराने पगार थकवला, तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते.