वजनकाट्याला न दिसणारी चरबी

आषाढातली रोवणी म्हणजे भंडारा जिल्ह्यातील माणसाच्या शरीराची खरी कसोटी. गुडघाभर चिखल, कमरेतून वाकलेले अंग आणि डोक्यावर पावसाची धार. या कष्टांसाठीच ताटात भाताचा ढीग असे आणि तो बांधीतच जिरून जाई. आता चिखलणी ट्रॅक्टरने होते, कापणीला हार्वेस्टर येतो आणि घरातील तरुण दुकानात, कार्यालयात किंवा दुचाकीवर दिवस काढतो. ताटातला भात मात्र अनेक घरांत पूर्वीइतकाच आहे. हातापायांकडे पाहिले तर माणूस सडपातळच दिसतो. वाढलेले असते ते केवळ पोट. या पोटाबरोबर, कोणाच्या नजरेस न पडता, हृदयावरची चरबीही वाढू शकते.

हृदयाला बिलगलेला थर

हृदयाचा स्नायू आणि त्याचे बाह्य आवरण यांच्यामध्ये चरबीचा एक थर प्रत्येकाच्याच शरीरात असतो. मुळात तो हृदयाचा मित्र आहे. तो धक्के झेलतो आणि गरज पडेल तेव्हा स्नायूला इंधन पुरवतो. या थराचे वैशिष्ट्य असे, की तो आणि हृदयाचा स्नायू यांच्यात कोणताही पडदा नसतो आणि दोघांना एकाच सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्त मिळते. त्यामुळे हा थर जाड आणि रोगट झाला, की त्यातून पाझरणारी दाहकारक द्रव्ये थेट हृदयाच्या स्नायूपर्यंत पोहोचतात. कालचा मित्र घरभेदी होतो तो असा.

विषाणू येतो तेव्हा

२००९ मध्ये स्वाइन फ्लूची साथ आली. देशातील पहिला बळी त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पुण्यात गेला. स्थूल व्यक्तींमध्ये हा आजार अधिक तीव्र होतो, हे त्या साथीत जगभरच्या डॉक्टरांच्या लक्षात आले. २०२० मध्ये करोनाने तोच धडा पुन्हा गिरवून घेतला. करोनाबाधितांच्या छातीचे सीटी स्कॅन तपासताना हृदयावरची चरबी अधिक किंवा अधिक दाहग्रस्त असणे आणि आजार गंभीर होणे यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला. संबंध आढळणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही त्यामागची शरीराची रीत समजण्यासारखी आहे. वाढलेले पोट श्वासपटलाला वर रेटते आणि फुफ्फुसांचा तळ पुरता फुलत नाही. शरीरात आधीच मंद दाह धुमसत असतो, त्यात संसर्ग तेल ओततो. शिवाय आजारी फुफ्फुसांतून रक्त ढकलताना हृदयावर जादा भार पडतो. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातील २०१८ च्या एका अभ्यासानुसार, फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या ७ दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका एरवीच्या सुमारे ६ पट होता. म्हणजे ‘साधा ताप’ फुफ्फुसांपुरता राहतोच असे नाही.

सडपातळ, तरीही स्थूल

‘आमच्या घरी कोणी जाड नाही,’ असे म्हणून निश्चिंत होणाऱ्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे उदाहरण आठवावे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र छापले. उंचीच्या प्रमाणात वजन दर्शवणारा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३ होता, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के होती! वजनकाटा दोघांना सारखे ठरवतो, शरीर मात्र वेगळे असते. म्हणूनच भारतीयांसाठी २३ पासून अतिवजन आणि २५ पासून स्थूलता मानली जाते.

घरच्या घरी काय करावे?

त्यासाठी महागड्या तपासणीची गरज नाही. शिंप्याची टेप पुरे. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडून, घेर मोजावा. पुरुषांमध्ये तो ९० सेंटीमीटरपेक्षा आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटीमीटरपेक्षा अधिक असेल, तर रक्तदाब व रक्तशर्करा तपासून घ्यावी. भात सोडण्याचे कारण नाही. धानाच्या जिल्ह्यात तसा उपदेश करणेही व्यर्थ. भाताचा ढीग निम्मा करावा आणि रिकाम्या जागी डाळ, पालेभाजी आणि मासे खाणाऱ्यांनी तलावातली ताजी मासोळी वाढावी. मासोळी तळण्यापेक्षा रश्शातली बरी. रोज अर्धा तास झपझप चालावे. वजन उतरू लागले, की हृदयावरचा हा थरही कमी होतो, ही दिलाशाची गोष्ट आहे.

आणखी एक गोष्ट विशेष महत्त्वाची. आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, म्हणजे नेमका रोवणीच्या दिवसांत. ‘एवढी रोवणी आटोपू दे, मग दाखवू’ असे म्हणत ताप अंगावर काढला जातो. पोटाचा घेर वाढलेला असेल, मधुमेह वा रक्तदाब असेल, तर फ्लूच्या लसीविषयी पावसाळ्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. तापात धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, गुंगी येणे किंवा बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ९४ च्या खाली जाणे, यांपैकी काहीही दिसले, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.

स्थूल माणसाला हिणवून कोणाचे हृदय सुदृढ झालेले नाही. टेप घरातल्या सर्वांच्या कमरेभोवती फिरावी. अगदी ‘आपला सडपातळ’ म्हणून ज्याचे कौतुक होते, त्याच्याही.