एक वाडा, अनेक पाट्या



जालना, परभणी, बीड या जिल्ह्यांची सरकारी संकेतस्थळे आपणांपैकी अनेकांनी पाहिली असतील. प्रत्येकाचे नाव निराळे, मजकूर निराळा. परंतु ती उभी आहेत राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या 'एस-थ्री-वास' या एकाच सामाईक व्यवस्थेवर. लहान प्रमाणावर हेच जालन्यातील बियाण्यांचा व्यापारी, एखादे वाचनालय आणि एखादी शाळा यांनाही मिळून करता येते. यंत्र एक, नावे तीन. मग मागितलेले पान नेमके ज्याचे त्याच्याकडूनच कसे येते?

जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. बिऱ्हाडे अनेक, पण पत्ता एकच. पत्र देवडीवर येते आणि वरचे नाव वाचून ज्याच्या त्याच्या दारी पोचते. सर्व्हरचा अंकी पत्ता हा वाड्याचा पत्ता समजावा. नावावरून अंक सांगणारी व्यवस्था 1983 साली निघाली. तिच्यात तिन्ही नावांपुढे एकच अंक नोंदविला, की सर्व मागण्या एकाच देवडीवर येतात. परंतु आरंभी मागणीवर बिऱ्हाडाचे नाव लिहिण्याचे बंधन नव्हते. म्हणून दर नावास स्वतंत्र अंक लागे, आणि जुन्या पद्धतीचे अंक जगात सुमारे 429 कोटीच. 1997 साली एचटीटीपीच्या 1.1 या आवृत्तीने नाव लिहिणे सक्तीचे केले व ही अडचण सरली. नाव वाचण्याचे देवडीवरचे काम अपाची किंवा एन्जिन-एक्स यांसारखा प्रोग्राम करतो.

पुढे गुप्ततेसाठी पत्रे मोहोरबंद झाली आणि नाव लखोट्याच्या आत गेले. आता लखोटा उघडण्यापूर्वी ओळखपत्र दाखवावयाचे, ते कोणत्या बिऱ्हाडाचे? 2003 साली तोड निघाली: नाव तेवढे बाहेर लिहावे. म्हणून आजही वाटेतल्या माणसास मजकूर वाचता येत नाही. परंतु आपण कोणाकडे चाललो, हे सहसा कळते.

खर्च वाचतो, हे खरे. पण वाडा एक असला तरी आतल्या भिंती पक्क्या हव्यात. तिन्ही स्थळे एकाच खात्याने आणि एकाच परवलीच्या शब्दाने चालविली, तर वाचनालयाच्या उघड्या दारातून शिरलेला चोर व्यापाऱ्याच्या हिशेबापर्यंत पोचतो. यासाठी प्रत्येकास निराळे खाते, निराळा परवलीचा शब्द द्यावा. आणि यंत्रच बंद पडले तर सर्वांचेच काम थांबते, म्हणून नोंदींची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. भाड्यात काटकसर जरूर करावी. कुलपांत करू नये.